उसने हात

आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईने लाँड्रीत इस्त्री करून पाठच्या भावाला वाढवलं. पोरगा सदानकदा गिटारच्या खुंट्या पिळत बसायचा, म्हणून त्याचं नाव खुंट्या पडलं. तो वाजवतो त्याला ब्लूज-रॉक म्हणतात, हे तिला फार उशिरा कळलं. ती आपली त्याला रडगाणं म्हणायची. तो म्हणायचा, "रडगाणंच आहे गं ताई, फक्त आवाज मोठा."

पुढे त्याच्या नसा सुकायला लागल्या. आधी पाय गेले. इस्त्री तापेपर्यंत ताई रोज देवाला हात जोडायची. पाय नेलेस, पण पोट भरणारे हात राखलेस, तुझे उपकार, म्हणायची. तो आपल्या कॅमेरावाल्या मित्राकडे राहायचा; मित्र त्याला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे आणायचा. पण खुंट्या जेवेनासा झाला होता. पान वाढलं की म्हणे, खाऊन आलोय. बाहेरची चटक लागली, आता माझ्या हातचं कशाला गोड लागतंय, असं ताई त्याला तोंडावर बोलायची. तो नुसता हसायचा.

तो गेल्यावर मित्राने त्याच्या गाण्यांचे व्हिडिओंचा संग्रह बाहेर काढायचं ठरवलं. लोकांपुढे जाण्याआधी ताईने बघावेत, म्हणून तिला आपल्या खोलीवर बोलावलं. शेवटच्या गाण्यात बोटं तारांवर भिंगरीसारखी फिरत होती. ताईचे डोळे भरून आले. बघ, हात तेवढे देवाने राखले, ती म्हणाली.

कॅमेरावाला खाली बघायला लागला. मग अडखळत म्हणाला, जवळून दिसतात ते हात माझे आहेत, त्याचा शर्ट घालून मी बसलो होतो. वाजवणं खुंट्याचंच, पण ते आधी ध्वनिमुद्रित केलेलं. चित्रण करायची वेळ आली तोवर त्याची बोटं आखडली होती, म्हणून त्याच्यावरचं चित्रण अर्ध्यात सोडलं. आता गेलेल्या माणसाच्या संग्रहात आपले हात घुसडणं त्याच्या जिवावर आलं होतं. गाणं ठेवायचं की गाळायचं, ते ताईनेच सांगावं.

ताईने खरं चित्रण मागितलं. त्याने बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी लावलं.

गिटार गर्जत होती आणि खुंट्याचा हात तारांवर नुसता पडून होता. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं.

"बंद कर. आणि हे ताईला दाखवू नकोस. तिला वाटतंय, हात शाबूत आहेत. घास तोंडापर्यंत जात नाही म्हणून तिच्याकडे जेवत नाही मी, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

ताई उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मी भरवलं असतं रे," ती म्हणाली.

"तेच नको होतं त्याला," कॅमेरावाला हळूच म्हणाला.

जाताना दारात तिने सांगितलं, तुझेच हात राहू देत, त्याच्या मनासारखं होऊ दे. दुसरं पुसून टाक.

संग्रह बाहेर पडला त्या दिवशी लाँड्रीतल्या बाया मोबाइलभोवती जमल्या. एक जण म्हणाली, "काय बाई हात! शेवटपर्यंत चालले हो तुमच्या भावाचे."

ताईने शर्टाची बाही सरळ केली.

"हो," ती म्हणाली, "शेवटपर्यंत."