तिच्या मांडीवर टोचलेलं पोर

लेकरू समोरून आलं की ती कुडाकडे तोंड करून उभी राहायची आणि म्हणायची, "मी दखस नई," म्हणजे मी बघत नाही. पोर पुढे निघून जाईपर्यंत मान वळवायची नाही. पाडा तिला डाकीण म्हणायचा. आधी नवरा मेला, मग दिराचा बैल मेला, आणि दिराला तिचं शेत हवं होतं. आपल्याकडे एवढा पुरावा पुरतो, तुम्हीही पाहिलं असेल.

एकोणीसशे साठच्या पुढेमागे मी खांडबाऱ्याकडच्या पाड्यांवर देवीच्या रोगाची लस टोचत हिंडायचो. तिच्या पाड्यात लस पहिल्यांदाच जात होती. मी दिसलो की बाया पोरं घेऊन रानात पसार. उरायची ही एकटी. मला पाणी द्यायची आणि सांगायची, "तिसरा घरमा नवं लेकरू रडस." बघायची बंदी, म्हणून सगळा पाडा ती कानांनी ओळखायची.

दोन फेऱ्या फुकट गेल्यावर पोलीस पाटलाला माझी दया आली. त्याने स्वतःचा नातू पुढे केला. बाकीच्या बाया म्हणाल्या, आधी याचं काय होतं ते बघू. पोराची आई त्याला धरून बसायला तयार होईना. तेवढ्यात माझ्या अंगात समाजसुधारक संचारला. म्हटलं, तुम्ही जिला डाकीण म्हणता तिच्याच मांडीवर पोर द्या, काही होत नाही हे साऱ्यांना दिसू दे. कुरकुर झाली, पण सरकारी माणसापुढे कोण बोलणार?

ती मागे सरकली. "नको भाऊ. काही व्हई गयं ते?"

मी दरडावलं. तिने डोळे मिटून पोर घेतलं. मी टोचलं. पोर थोडं रडून तिच्या छातीशी गप्प झालं, तेव्हा तिने डोळे उघडले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. तिला मूलबाळ नव्हतं. मलाही भरून आलं.

आता माझी अक्कल ऐका. ती लस लागली की सातव्या-आठव्या दिवशी पोराला ताप भरतो आणि आपोआप उतरतो. हे मी कुठेच आधी सांगत नसे. सांगितलं तर बाया दंड पुढे करत नसत. त्या दिवशीही सवयीने सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी लस लागली का ते बघायला गेलो, तर तिची झोपडी जळालेली. ताप येताच बडव्याला, म्हणजे त्यांच्या देवऋषीला, बोलावलं होतं. त्याने एकेका बाईच्या नावाने पाण्यात उडीद सोडला. हिच्या नावाचा तरंगला. दिराने हात धरले, बाकीच्यांनी डोळ्यांत मिरची भरली, उलटं टांगलं आणि मग शिवेबाहेर हाकललं. ती सारखं एकच सांगत होती म्हणे, भाऊला विचारा.

पोराची आजी समाधानाने म्हणाली, "ती गई आन ताप उतरना."

मी तोंड उघडलं नाही. खरं बोललो असतो तर पुढे एकही पोर मिळालं नसतं, हे एक कारण. आणि उरलेली मिरची माझ्या डोळ्यांत गेली असती, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत. दुसरं जास्त खरं आहे.

पुढे खांडबाऱ्याच्या बाजारात मी तिला पुष्कळ शोधलं. डोळे गेलेली बाई कुठे गेली, कोणालाच ठाऊक नव्हतं.

पण त्या दहाव्या दिवशी पीडा टळली म्हणून बाया आपणहून पोरं घेऊन रांगेत बसल्या. मी सगळ्यांना टोचलं. तापाचं तेव्हाही बोललो नाही. लगेच बदली मागून घेतली. ती पोरं तापली तेव्हा कोणाचं नाव निघालं, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.