सहदेव मिस्त्रीचे थर्मोस्टॅट

कर्जतजवळच्या भिसेगावातल्या सहदेव मिस्त्रीच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस भिंतीकडे बघतच राहायचा. बाहेरच्या खोलीत, जिथं लोक देवदेवतांचे किंवा लग्नातले फोटो लावतात, तिथं प्लायवूडची मोठी फळी ठोकलेली होती. तिच्यावर खिळ्यांना लटकत होते जुने थर्मोस्टॅट. इस्त्रीतले, गिझरमधले, फ्रिजमधले. कुणाला काळी गोल चकती, कुणाला तांब्याची केसासारखी बारीक नळी, तर कुणाला हातभर लांब दांडी.

साजगावच्या कारखान्यात सहदेवनं उमेदीची सगळी वर्षं देखभाल विभागात काढली. कारखाना बंद पडल्यावर त्यानं घरगुती दुरुस्तीचं काम धरलं. नवीन गिझरचा थर्मोस्टॅट बिघडला की लोक सरळ बदलतात, दुरुस्त कुणी करत नाही. सहदेवला मात्र त्या लहानशा वस्तूचं भारी अप्रूप. गरम झालं की पट्टी वाकते, टक् करून वीज तोडते. गार झालं की पुन्हा टक् करून जोडते. कुणी सांगायला लागत नाही. भंगारवाला गोमा जुन्या इस्त्र्या आणि गिझर फोडायच्या आधी त्याला हाक मारायचा. सहदेव आतला तुकडा काढून घरी आणायचा, पॉलिश पेपरनं वीज जोडणारे त्याचे काळवंडलेले पॉइंट घासायचा, पातेल्यातल्या गरम पाण्यात बुडवून टक् ऐकू येतं का बघायचा. आलं की स्वारी खूश.

"अवो, त्या भंगाराला तरी जेवायला वाढू का?" असं बायको, इंदूबाई, म्हणायची. पण फळीवरची धूळही तीच पुसायची.

दोन वर्षांपूर्वी मुलगी श्रद्धा बाळंत झाली आणि इंदूबाई चिंचवडला गेली. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, पण श्रद्धाची नोकरी सुरू झाली, नात आजीला सोडेना, आणि ती तिथलीच झाली. सहदेवही गेला होता आठ दिवस. तिसऱ्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गिझर उघडायला बाथरूममध्ये शिरला, तेव्हा जावई आदबीनंच म्हणाला, "बाबा, वॉरंटीत आहे तो, उघडू नका." मग करायचं काय? दिवसभर गॅलरीत बसून तो खालच्या गाड्या बघायचा. आठ दिवसांनी कर्जतला परतला. कुणी विचारलं की सांगायचा, "येल ती पुढच्या महिन्यात."

भात एकदाच लावायचा, दोन्ही वेळ तोच खायचा. फोन रोज व्हायचा, पण नातीचे दात, नातीची सर्दी यातच संपायचा.

यंदाच्या हिवाळ्यात त्याला लोधिवलीहून फोन आला. अंबूबाई नावाची बाई होती, एकटीच राहणारी. गिझरमधलं पाणी नुसतं उकळत राहतं म्हणाली. सहदेव स्कूटर काढून गेला. उघडून बघितलं तर थर्मोस्टॅटचे पॉइंट जळून चिकटलेले.

"धनेश म्हणतो, नवा घ्या," अंबूबाई म्हणाली. धनेश म्हणजे तिचा ठाण्याला असलेला मुलगा. "पण ह्यो आमच्या मालकांनी बसवलेला हाय. ते गेल्यावर मी एक खिळा हलवला नाय घरातला."

त्या जातीचा तुकडा आता बाजारात मिळत नव्हता. फळीवर मात्र होता. दुसऱ्या दिवशी सहदेवनं तो काढला. काढताना हात जरा अडखळला, नाही असं नाही. पण नेऊन बसवला, चार वेळा पाणी तापवून तपासला, आणि पाणी तापल्यावर टक् आवाज आला तेव्हा दोघंही हसले.

पंधरवड्यानं पुन्हा फोन. "भाऊ, पाणी तापत नाय बघा." जाऊन बघतो तर बटणच बंद. त्यानं चालू करून दिलं, चहा घेतला, परत आला. महिनाभरानं तिसरा फोन. आता आवाज येतो म्हणे.

तिसऱ्यांदा सहदेवनं झाकण उघडलं, सगळं नीट होतं. मग त्याचं लक्ष बाथरूमकडे गेलं. फरशी कोरडी ठणठणीत, बादली उपडी घातलेली, नळाला जाळं धरलेलं. मागच्या दारी चूल पेटली होती आणि तिच्यावर पाण्याचं पातेलं.

"वयनी," तो म्हणाला, "तुमी गिझर वापरतच नाय?"

अंबूबाईनं पदर सारखा केला. "चुलीच्या पाण्याची सवय हाय मला."

"मग मला बोलावता कशाला?"

तिनं चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "पोराला बोलावलं तर त्याला सुट्टी नसते. शेजारी कामाला जातात. मिस्त्रीला बोलावलं तर मिस्त्री येतो."

सहदेवला राग यायला हवा होता. आला नाही. त्यानं झाकण लावलं, हात धुतले आणि ओटीवर बसला. तिनं चहा आणला.

"तुमच्या घरी कोण कोण हाय, भाऊ?"

'येल ती पुढच्या महिन्यात' हे वाक्य त्याच्या ओठावर आलं होतं. पण तो म्हणाला, "कोन नाय. बायको लेकीकडं गेली त्याला दोन वर्षं झाली."

"बोलवा की मग."

"नातीला कोन बघनार? ती कशी येल?"

"नाय आली तर नाय आली. बोलावलंत तर खरं? तिला कळू द्या."

घरी आल्यावर त्यानं इंदूबाईला फोन लावला. तिनं नातीच्या खोकल्याचं सुरू केलं, आणि त्यानं मधेच तोडलं. "इंदू, मला इथं करमत नाय गं."

पलीकडे नातीचं रडणं ऐकू येत होतं. इंदूबाई म्हणाली, "इतक्या दिवसांत एकदा तरी म्हनालात? मला वाटलं, तुमच्या त्या टकटकीत तुमाला माझी आठवनबी होत नसल." आणि मग आवाज उतरला तिचा. "मला तरी कुठं करमतंय."

श्रद्धानं चार दिवसांची रजा काढली तेव्हा इंदूबाई आली. आल्या आल्या पदर खोचून घर धुऊन काढलं, चवळीची आमटी केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सहदेव तिच्या मागं मागं नुसता फिरत होता. बोलण्यासारखं फार काही निघालं नाही. दुपारी दोघं ओट्यावर बसून असायची, एवढंच.

चौथ्या दिवशी तो तिला कर्जत स्टेशनवर सोडायला गेला. दोन वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा तो म्हणाला होता, "सावकाश ये, घाई नाय." तिच्यावर ओझं नको म्हणून म्हणाला होता, पण तिला ते लागलं होतं, हे त्याला आता कळलं होतं.

गाडी हलली तेव्हा तो खिडकीचा गज धरून चार पावलं चालला. "लवकर ये," म्हणाला.

"बघते," ती म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं की ते लगेच जमणार नाही. गाडी घाटाकडे वळली. सहदेव फलाटावरच्या बाकावर बसून राहिला. घरी जाऊन भात लावायचा होता, पण अजून उठावंसं वाटत नव्हतं.