तलवारीचं वय सांगणारे काका

आमच्या शेजारच्या काकांइतका प्रेमळ माणूस मी सबंध न्यू जर्सीत पाहिला नाही, आणि इतक्या प्रेमानं इतक्या लोकांना दुखावणाराही पाहिला नाही. काका मूळचे नागपूरचे. तिथे इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकले, अमेरिकेत आले आणि पुढची तीस वर्षं एका बँकेसाठी कोड लिहीत बसले. पोलाद म्हणून आयुष्यात उरलं ते स्वयंपाकघरातलं. मग रिटायर व्हायच्या सुमारास एका गराज सेलमध्ये, गवत कापायच्या मशीनमागे, त्यांना एक गंजलेली तलवार दिसली. सापासारखी वळणं घेत गेलेलं पातं आणि मुठीच्या टोकाला काकाकुव्याचं डोकं. ती घेऊन ते घरी आले तेव्हा काकूंनी दार उघडलं, तलवार पाहिली आणि विचारलं, ‘‘कोथिंबीर आणली का?’’

ती क्रिस होती. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या बेटांवर राहणाऱ्या मोरो लोकांची तलवार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन सैनिक तिकडे लढायला गेले आणि येताना अशा पुष्कळ तलवारी घेऊन आले, त्यामुळे त्या इथल्या माळ्यांवर अजून सापडतात, हे मला काकांमुळेच कळलं. मला म्हणजे काय, देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर त्यांना भेटलेल्या प्रत्येकाला कळलं. त्यांच्या घरी गेलं की काकू ‘‘पाणी घेणार?’’ म्हणायच्या आणि त्याच वेळी काका ‘‘आधी हे बघ’’ म्हणून हातात तलवार द्यायचे. शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. ‘‘मुठीखाली हा आडवा तुकडा आहे ना? जुन्या क्रिसमध्ये तो वेगळा घडवून बसवलेला असतो. हा बघ, केसाएवढा सांधा. नंतर नंतर लोकांनी सगळं एकसंध केलं आणि दाखवायला नुसती रेघ मारली. आणि ही बुडाशी कोरलेली हत्तीची सोंड बघ. ती कशी वळते यावरून बेट सांगता येतं.’’ बघता बघता सात तलवारी झाल्या. त्या गेस्टरूमच्या कपाटात नीट आडव्या झोपायच्या. अ‍ॅशबर्नहून आलेली मुलगी आणि जावई हॉलमध्ये हवेच्या गादीवर.

पात्याचा पोत दिसावा म्हणून काका त्याला लिंबाचा रस चोळत. त्यासाठी ते दुकानातून एकदम चाळीस लिंबं उचलायचे. ते पाहून दोन-तीन बायकांनी काकूंना फोन करून लोणच्याच्या बरण्या सांगून ठेवल्या. काकू बिचाऱ्या कुणाला खरं सांगणार? नवरा तलवारीला लिंबू चोळतो म्हटल्यावर लोक भलताच अर्थ काढायचे. त्यांनी मुकाट्यानं आणखी चाळीस आणून लोणचं घातलं.

पण खरी पंचाईत व्हायची ती काकांच्या खरं बोलण्यानं. एका गणपतीला एका बाईंनी सासरच्या पणजीची, दोनशे वर्षांची समई अभिमानानं दाखवली. काकांनी भिंग लावलं, समईचा मधला भाग फिरवून उघडला आणि आनंदानं जाहीर केलं, ‘‘वहिनी, हे आटे मशीनवर पाडलेत! पणजीची काहून असेल? फार तर तुमच्या सासूबाईंची.’’ सासूबाई तिथेच बसल्या होत्या. पुढची दोन वर्षं काका-काकूंना त्या घरचं आमंत्रण आलं नाही, आणि काकांना त्याचं कारण शेवटपर्यंत समजलं नाही.

म्हणूनच पेनसिल्व्हेनियातल्या एका म्हातारीनं त्यांना तलवार बघायला बोलावलं तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं. ‘‘तू ड्राइव्ह करणारच आहेस, तर जरा सांभाळ. ऐंशीच्या घरातली बाई आहे गं.’’

बाई एकट्याच राहत होत्या. क्रिस दिवाणखान्यात भिंतीवर, एका सैनिकाच्या फोटोखाली. ‘‘हे माझे आजोबा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिकडच्या लढाईत गेले. माझे वडील तेव्हा पाळण्यात होते. आर्मीनं आजोबांची ट्रंक पाठवली, त्यात ही होती.’’ काकांनी तलवार खिडकीपाशी नेली. भिंग काढलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तलवार तेवढी जुनी नाही, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. मी घसा खाकरला, खोकले, शेवटी मराठीत म्हणाले, ‘‘काका, जुनी आहे म्हणा ना. काय बिघडतं?’’

‘‘बिघडतं,’’ काका म्हणाले. मग बाईंसमोर खुर्ची ओढून बसले. ‘‘मॅडम, ही त्या ट्रंकेत असू शकत नाही. हा सांधा नाही, नुसती रेघ आहे. तुमचे आजोबा गेल्यावर खूप वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास केलेली आहे. बाजारात विकायला.’’

बाईंनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. काकाही कधी नव्हे ते गोंधळले. तलवार मांडीवर तशीच धरून त्यांनी हळूच विचारलं, ‘‘तुमच्या घरातलं आणखी कुणी तिकडे गेलं होतं का?’’

‘‘माझे वडील,’’ बाई म्हणाल्या. ‘‘नेव्हीत होते. त्याच युद्धात. पण त्याबद्दल ते कधी...’’ आणि त्या थांबल्या. मग फोटोकडे वळल्या. ‘‘ट्रंकेचं मला डॅडीनंच सांगितलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुसरं कुणीच नाही.’’

काकांनी मान हलवली. ‘‘त्यांचे वडील ज्या मुलखात वारले, तिथे ते पोचले असतील. वडिलांचं काहीतरी घरी असावं असं वाटलं असेल. ते मिळालं नाही, म्हणून हे आणलं.’’

बाई रडल्या. मग हसल्या. म्हणाल्या, ‘‘बंदरावरच्या दुकानदारानं काय सांगून गळ्यात मारली असेल कोण जाणे! डॅडीला घासाघीस कधी जमली नाही.’’ आत जाऊन त्यांनी नेव्हीच्या टोपीतला एक जुना फोटो आणला आणि तलवारीच्या दुसऱ्या बाजूला उभा केला. निघताना त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरं बोलल्यावर काकांना कुणीतरी घरचा अ‍ॅपल पाय बांधून दिला.

परतताना काका ते पुडकं मांडीवर धरून बसले होते. मग एकदम म्हणाले, ‘‘मी तलवारीचं खोटं वय सांगितलं असतं ना, तर तो पोरगा तिला भेटलाच नसता.’’ बाईंच्या वडिलांना त्यांनी पोरगा म्हटलं. मी गाडी चालवत राहिले.

गेल्या वर्षी काका-काकू मुलीजवळ राहायला अ‍ॅशबर्नला गेले. शेजारी आता एक तरुण जोडपं आलंय, छान आहे, दार लावून काम करतं. परवा ऑफिसमधून येताना एका घराबाहेर विकायला मांडलेल्या सामानात मला काहीतरी लांब, बाकदार मूठ असलेलं दिसलं. गाडी थांबवून मी काकांना फोटो पाठवला. मिनिटात उत्तर आलं, ‘‘छत्री आहे.’’

मी हसले आणि फोन ठेवणार, तेवढ्यात दुसरा मेसेज आला. ‘‘पण दांडा जुना वाटतो. जवळून बघायला पाहिजे. येऊ का?’’

काका हायवेवर गाडी चालवत नाहीत, आणि अ‍ॅशबर्न चार तासांवर आहे. मी ‘‘या’’ लिहिलं, आणि ती छत्री विकत घेतली.