नाल्यापलीकडचा संडास

पेट्रोल पंपाशी सुगंधाकाकी थांबल्या, चपलेतला खडा झटकला आणि म्हणाल्या, "अजून किती गो?"

निम्मं अंतर राहिलं होतं. एका वॉर्डच्या कचेरीतून आम्ही दुसऱ्या वॉर्डच्या कचेरीत चाललो होतो. बस वळसा घालून जाते, आणि साहेब जेवायला उठायच्या आत पोचायचं होतं.

काम एवढंच, की संडासाला दार हवं होतं. काकींची चाळ घाटकोपरला डोंगराखाली, नाल्याच्या अलीकडे. संडास पलीकडे. काकींच्या यजमानांनीच, राजारामकाकांनी, तो हट्टाने तिकडे बांधून घेतला. मिलमधून येऊन दारात जेवायला बसायचे, वास नको म्हणून. पुढे महापालिकेने हद्दी आखल्या आणि रेघ नाल्यातून गेली. अलीकडची कचेरी म्हणते, माणसं आमची, संडास त्यांचा. पलीकडची म्हणते, संडास आमचा, पण तक्रार आमच्या रहिवाशाची आणा. चाळीने वर्गणी काढून दोनदा फळ्या ठोकल्या, पण चौकटीची भिंतच ढासळली आहे. दोन वर्षं झाली. काकींची सून अनुपमा सातव्या महिन्यात आहे. छत्री आडवी धरून बसते. जायला नको म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, डॉक्टरीणबाई रागावल्या.

पलीकडच्या कचेरीतल्या श्यामसुंदर कारकुनाने कागद न वाचताच परत केला. "मावशी, मागच्या खेपेलाही हेच सांगितलं. मालकांनी अलीकडे बांधला असता तर एव्हाना दार लागलं असतं."

"ते वर गेले," काकी म्हणाल्या. "तिथला वॉर्ड कुठला ते विचारून सांगते तुला."

तो हसला. कागद काही घेतला नाही.

परतताना मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसलो. मी हात जोडले, काकींनी पाय चोळले. त्या सहसा देवाला काही मागत नाहीत. त्याच्याकडे आधीच गर्दी असते म्हणतात.

"वसुधा, तुझी बिल्डिंग नाल्याच्या पलीकडे ना? रेशनकार्ड त्यांच्याच वॉर्डातलं?"

"हो काकी."

"मग अर्ज तुझ्या नावाने टाक. लिही, हा संडास मी वापरते."

"काकी, आमच्या तर घरातच..."

"माका म्हायत आसा. म्हणून तर दोन वर्षं विचारलं नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "खोटं लिहायला तुझा हात धजणार नाही, तेही ठाऊक आहे. म्हणून म्हणते, उद्या सकाळी ये. एकदा जाऊन बस तिथे, म्हणजे खोटं होणार नाही. मी समोर पाठ करून उभी राहते. येशील?"