भरल्या हातावर पास

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, तेव्हा नांदेडहून यांची बदली तिथे झाली. हे भूजल खात्यात होते. गावोगाव जाऊन बोअर कुठे घ्यायचा ती जागा दाखवायची, हे यांचं काम. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. नव्या कचेऱ्यांना अजून पुरेशा खुर्च्या आल्या नव्हत्या, पण बोअर मागायला आलेली माणसं सकाळपासून दारात बसलेली असायची.

आमचे घरमालक म्हणजे एक म्हातारे वकील. हैदराबादला शिकताना त्यांना ब्रिजचा नाद लागला होता. त्यांनी आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, शिकवलं, मग समोर जोडी हवी म्हणून आम्हाला. रविवारी दुपारी ओसरीवर डाव बसायचा. आम्ही दोघं एकमेकांचे भिडू. मला घाई फार. भिडूचे पत्ते टेबलावर उघडे पडले, की मी लगेच पान ओढायची. वकीलसाहेब म्हणायचे, "ठैरो बेटा. आधी पक्के हात मोज. कमी पडतात ते कुठून आणायचे ते ठरव. मग पान टाक."

यांची खोड वेगळी. बोली लावताना यांना धीर धरवत नसे. जेमतेम दोन बोलावेत अशा पत्त्यांवर हे चार बोलायचे, बोललेले हात होत नसत, आणि आम्ही पडायचो.

"अहो, होतं काय तुमच्याकडे?" मी चिडायची.

"उमेद होती," असं म्हणून हे हसायचे.

त्या उन्हाळ्यात निलंग्याकडच्या एका गावात यांनी दाखवलेल्या सगळ्या जागा कोरड्या गेल्या. मला ते बाहेरून कळलं.  घरी हे ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे.

पुढच्या रविवारी मी एक इस्पिक बोलले. वकीलसाहेब पास. हे पत्त्यांकडे बघत राहिले.

"पास."

काकूही पास म्हणाल्या आणि बोली तिथेच थांबली. वकीलसाहेबांनी पान उतरलं, यांनी आपले पत्ते मांडले. इस्पिकचा एक्का आणि वर तीन इस्पिकं, चौकटचे एक्का-राजा, किलवरचं एकच पान. एकच्या बोलीला सात हात पुरे होते. त्या दिवशी मी मोजून खेळले, बारा झाले.

"ह्या पत्त्यांवर पास?" वकीलसाहेबांनी विचारलं. "अरे, तुझ्या हातात काय आहे ते तिला कळायचं कसं?"

हे उठून आत गेले. मी मागोमाग गेले. हे मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते.

"निलंग्याकडच्या त्या वस्तीला टँकर मिळणार होता," हे म्हणाले. "आपलीच वस्ती, विहाराभोवतीची. आपला माणूस साहेब होऊन आला म्हणून सगळी गोळा झाली. मी म्हटलं, पाणी हमखास लागेल. जागा कोरड्या गेल्या तेव्हा एक म्हातारी म्हणाली, लेकरा, टँकर देत होते, आमीच नको म्हनलं. तू म्हनलास ना, पानी हाय."

मी यांच्याजवळ उंबऱ्यावर टेकले.

"तेव्हापासून जिथं जातो तिथं 'पाणी नाही' लिहून मोकळा होतो," हे म्हणाले.

"आणि खरंच नसतं?"

"काही ठिकाणी असेल, असं वाटतं."

"मग तेवढंच सांगा. वाटतं म्हणून सांगा."

"तुला हा पत्त्यांचा डाव वाटतो?" हे एकदम ओरडले. "पडलं की पिसून पुन्हा वाटायचं?"

ओसरीवरचं बोलणं थांबलं. मी बाहेर जाऊन पत्ते आवरले. पण आठवडाभराने हेच म्हणाले, "सुट्टी आहे ना तुला? चल त्या गावाला."

विहाराच्या ओट्याशी बायका बसल्या होत्या. कोणी 'या' म्हटलं नाही. हे उभ्यानेच बोलले. "ओढ्याच्या अंगाला एक जागा आहे. लागेलच असं सांगत नाही. निम्मी आशा आहे. टँकरचं मी वर बोललोय, तो येईल. बोअर लागला तरी तो सोडू नका."

ती म्हातारी उठून पुढे आली. "हे तवाच सांगायचं की रं," ती म्हणाली.

पुढे मशीन आलं. आधी नुसती पांढरी भुकटी उडाली. हे बाजूला पाठ करून उभे होते. मग चिखल आला, मग पाणी. एका हातपंपापुरतं, तेही धापा टाकत येणारं. कोणी नारळ फोडला नाही की आभार मानले नाहीत. म्हातारी एवढंच म्हणाली, "भरून घ्या गं, हाय तवर."

पुढच्या वैशाखात तो पंपही आटला. टँकर मात्र येत होता. हे त्या गावाला जात राहिले, काम नसलं तरी. मी विचारलं, तर म्हणायचे, "ओढ्याला किती पाणी आहे ते बघून येतो." ओढ्यात तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं.