फक्त गिअरबॉक्स राहिलाय

हाती घेतलेलं काम तडीस नेणं हाच माणसाचा खरा मोठेपणा, असं आमचे कुसगावचे शेजारी, भाऊ, नेहमी सांगत. सांगताना ते जीपखाली उताणे पडलेले असत आणि बाहेर त्यांच्या फक्त चपला दिसत. नऊ वर्षं मी त्या चपलांशी बोललो.

भाऊ कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी ही जुनी फोर-व्हील जीप टेम्पोत घालून पडवीत आणली. कारण होतं. वहिनींचं माहेर पवना धरणापलीकडे डोंगरात. शेवटचा टप्पा नुसते दगडधोंडे, आणि वहिनींचे गुडघे गेलेले. "आपल्या गाडीनं थेट भावाच्या दारात उतरवतो तुला," असा भाऊंनी शब्द दिला होता.

"कुठवर आलं, भाऊ?"

"झालंच. आता फक्त गिअरबॉक्स ऱ्हायलाय."

पुढच्या वर्षी फक्त क्लच राहिला. मग फक्त ब्रेक. मग पुन्हा गिअरबॉक्स. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात ठोकून रंगवलेला पत्रा गणपतीपर्यंत पापुद्रे सोडायचा. नवा पत्रा टाका, असं एकदा सुचवलं, तर बायको बदला म्हटल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. घराबाहेर पडत ते फक्त सोमाटण्याच्या भंगारवाल्याकडे जायला.

दसऱ्याला मात्र सोहळा असे. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चारी चाकांपुढे लिंबं. पूजा झाली की गाडी लिंबांवरून पुढे न्यायची असते. ही जाणार कुठे? लिंबं जागीच सुकत. पुढच्या दसऱ्याला भाऊ ती गंभीरपणे उचलून ताजी ठेवत.

वहिनींच्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, माझ्या गाडीत बसा. तासाभरात पोचवतो."

जीपखालून उत्तर आलं, "तुमचा डबा त्या रस्त्याला टिकायचा न्हाई. खालून इंजिनाचा चेंबर फुटल."

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी," वहिनी माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या. "त्यांचं होतच आलंय."

लग्न त्यांनी फोनवर पाहिलं. वर्षभराने बारसंही. मी रागाने आठवडाभर भाऊंशी बोललो नाही. त्यांना ते कळलं नाही. ते गाडीखाली होते.

गेल्या माघात भाऊ गेले. संध्याकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले, आणि उठलेच नाहीत. जीप पडवीतच आहे.

दोन महिन्यांनी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, माहेरी सोडता का?"

मी डिकीत फावडं, दोर आणि दोन फळ्या घातल्या. धरण मागे टाकलं, डोंगराकडे वळलो आणि गाडी थांबवली. समोर डांबरी रस्ता होता, पांढरे पट्टे मारलेला.

"वहिनी, हा कधी झाला?"

"भाचीच्या लग्नाआधीच झालाय की."

"आणि भाऊंना माहीत नव्हतं?"

"न्हाई. भावालाबी बजावलं हुतं, बोलायचं न्हाई म्हनून." त्यांनी पदर सारखा केला. "त्यांना कळलं असतं, तर मग गाडी कशापायी दुरुस्त केली असती त्यांनी? चला आता, माझा भाऊ दारात वाट बगत असंल."

डांबर त्यांच्या भावाच्या दारापर्यंत होतं. वाटेत दोन गतिरोधक लागले. चेंबर घासला नाही.