गाद्यांच्या खोलीची कडी

"आधी फाटकावर."

कोणी काहीही घेऊन आलं की आमच्या मुख्याध्यापिका बाई एवढंच म्हणायच्या. कारकून फाइल घेऊन धावत आला, आधी फाटकावर. दोन शिक्षिकांचं तास बदलण्यावरून वाजलं, आधी फाटकावर. एकदा तपासणीचे साहेब वेळेच्या अर्धा तास आधी आले, तर बाईंनी त्यांनाही आपल्या शेजारी उभं केलं. बिचारे साहेब पहिलीच्या पोरांना हात जोडत उभे राहिले. जाताना म्हणाले, बरं वाटलं हो.

अमरावतीतल्या आमच्या खासगी शाळेचं ते फाटक. सकाळी बाई तिथं उभ्या राहायच्या. प्रत्येक मूल समोर थांबायचं, हात जोडायचं, बाईही हात जोडायच्या आणि त्याच्या तोंडाकडं नीट बघायच्या. ज्याचं तोंड उतरलेलं, ते बाईंच्या डाव्या हाताला थांबायचं. ताप आहे, की डबा विसरला, की घरी मार खाऊन आलं, हे शाळा भरायच्या आत कळायचं.

मी तेव्हा त्या शाळेत पर्यवेक्षिका होते. हातात फूटपट्टी, कपाळाला आठी आणि मनात मुख्याध्यापिकेची खुर्ची. जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त होणार म्हटल्यावर मी मोरपंखी साडी घेऊन ठेवली होती, त्या खुर्चीच्या कापडाला शोभेल अशी. खुर्ची मिळाली अकोल्याहून आलेल्या या बाईंना. साडी घडीची राहू नये म्हणून मी ती त्यांच्याच स्वागताला नेसले. फोटोत मी गुच्छ देताना दिसते. इतकं कडू तोंड मी पुढं कधी कारलं खातानाही केलं नाही.

बाई मूळच्या अकोल्याच्या, पण अकरा वर्षं थायलंडमधल्या एका खासगी शाळेत शिकवून आलेल्या. तिथं गणित शिकवता शिकवता एका विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. आई म्हातारी झाली म्हणून परतल्या. आमच्या शिक्षककक्षात त्यांचं नाव दुसऱ्याच दिवशी 'थाईवाल्या बाई' पडलं. पाडलं कोणी, ते विचारू नका.

पहिल्याच सभेत त्यांनी फळ्यावर तीन गोल काढले. तिथल्या खासगी शाळेत तीन जागा असतात, म्हणाल्या. शाळेचा परवाना ज्याच्या नावावर तो एक, व्यवहार बघणारा दुसरा, शिकवणं आणि मुलं बघणारा तिसरा. कधी कधी तिघं एकाच घरचे निघतात, पण कामं तीन. आमच्याकडं तिन्ही गोल आमचे अध्यक्षसाहेबच होते. मोर्शीकडं त्यांच्या संत्र्याच्या बागा, मनानं दिलदार, आणि शाळाही बागेसारखीच चालवायचे. येता-जाता कुठल्याही फांदीला हात. आले की सरळ मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसायचे आणि मुख्याध्यापिका समोर उभी. जुन्या बाईंनी सारी नोकरी तशीच उभ्यानं काढली.

या बाईंनी काय करावं? आपल्या टेबलाच्या बाजूला एक चांगली वेताची खुर्ची मांडली, तिच्यावर उशी टाकली, आणि अध्यक्ष आल्यावर आपण न उठता हात जोडून म्हणाल्या, "या साहेब, ही तुमची."

साहेब त्या खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच बोलून गेले. पुढं दोन वर्षं ते येत आणि उभ्यानंच बोलत. मी दाराआडून बघायची आणि मनात म्हणायची, जाते ही बाई आता.

बाकी रीतीही त्यांनी तिकडून आणल्या. वर्गाबाहेर चपला काढायच्या. जेवण शाळेतच शिजायचं, आणि प्रत्येक वर्गशिक्षिकेनं आपल्या वर्गासोबत खाली बसून तेच जेवायचं. जेवणानंतर बालवाडीची पोरं आपापल्या नावाचा पेला घेऊन रांगेनं दात घासायची. मग ती झोपायची. हो, झोपायची. एका खोलीत पातळ गाद्या, खिडक्यांना जाळी, पंखा, आणि तासभर झोप. त्या खोलीला आम्ही गाद्यांची खोली म्हणायचो. सुटताना घंटा वाजली की धावत सुटणं बंद. शिक्षिका एकेक नाव पुकारणार, घरचं माणूस कार्ड दाखवणार, मग मुलाचा हात त्याच्या हातात. वेळ लागायचा. पालक कुरकुरायचे.

झोपेवर तर फारच. शेंदूरजनाघाटचे एक आजोबा होते. संत्र्याचा व्यापार मुलावर सोपवून अमरावतीत राहायला आलेले, चार वर्षांच्या नातीला आणायला रोज यायचे. बाईंच्या दुसऱ्या वर्षी नात बालवाडीत आली, तर पहिल्याच आठवड्यात ऑफिसात येऊन म्हणाले, "बाई, पोरीले झोपाले कायले शाळेत धाडू? घरी खाट नाही काय आमच्या?"

मी तोंडाला पदर लावून हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "खाट आहे हो आजोबा, पण घरी ती झोपते का दुपारी?" आजोबांनी विचार केला. "नाही झोपत," म्हणाले, "मलेबी झोपू देत नाही."

आता माझी करामत ऐका. तुमच्याही कार्यालयात असं एखादं माणूस असेल. फरक एवढाच, की ते कबूल करत नाही.

त्या दुसऱ्या वर्षीच मी अध्यक्षांना निनावी अर्ज लिहिला. नव्या मुख्याध्यापिका पोरांना झोपवतात, शिक्षिकांना पोरांच्या पंगतीत बसवतात, संस्थेच्या मान्यवरांचा मान ठेवत नाहीत, असे सात मुद्दे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिला. चार कागद फाडले, पाचव्यावर जमला. घरच्यांना सांगितलं, परीक्षेचं काम आहे.

अध्यक्षांनी तो अर्ज बाईंकडं पाठवला. आणि बाईंनी शुक्रवारच्या सभेत उभं राहून तो मोठ्यानं वाचला. शाळेविषयीची तक्रार सगळ्यांनी मिळून ऐकायची, ही त्यांची रीत. एकेक मुद्दा वाचून त्या उत्तर देत होत्या, न चिडता, जणू खुद्द अर्ज लिहिणाऱ्याला समजावून सांगताहेत. सातांतले दोन त्यांनी मान्य केले. शिक्षिकांना डब्यातलं लोणचं पंगतीत आणायची परवानगी मिळाली, ती माझ्या त्या अर्जामुळं. शेवटी कागदाची घडी करत म्हणाल्या, "ज्यांनी लिहिलं त्यांचं शाळेकडं बारीक लक्ष आहे. अशी माणसं हवीत."

मी त्या रात्री जेवले नाही. कारण पश्चात्ताप नव्हे, इतकी मी तेव्हा चांगली नव्हते. अर्ज वाया गेला म्हणून जेवले नाही.

त्याच वर्षी मार्चात बाईंच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. बाई आठवडाभर अकोल्याला गेल्या आणि प्रभार मला दिला. जाताना सांगितलं फक्त, "आधी फाटकावर."

सोमवारी मी फाटकावर गेले नाही. आधी खुर्चीत बसले. मोरपंखी साडी नेसून. मग हुकूम काढले. फाटकावर शिपाई उभा राहील. बालवाडीची झोप बंद, त्या तासाला पाढे. सुटताना नाव पुकारणं बंद, घंटा झाली की सुटी. दुपारी फेरी मारताना गाद्यांच्या खोलीचं दार उघडं दिसलं. आत बालवाडीच्या मावशींनी गाद्या रचून ठेवल्या होत्या. मी पंखा बंद केला, दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

मावशी मागून म्हणाल्या, "कुलूप कायले लावता बाई? पोरं येतीन न झोपाले."

"झोप बंद आहे," मी म्हटलं.

अडीचला घंटा झाली. पोरं बांध फुटल्यासारखी सुटली. पंधरा मिनिटांत मैदान रिकामं. मी खुर्चीत टेकते तोच शेंदूरजनाघाटचे आजोबा दारात. सदऱ्याच्या खिशात मृग बहाराचं एक संत्रं, नातीसाठी रोज आणायचे तसं. खिसा फुगलेला.

"माही नात कुठी हाय बाई?"

मी म्हटलं, गेली असेल बसमध्ये. बसवाल्याला फोन लावला, बसमध्ये नव्हती. वर्गात नव्हती. मुताऱ्यांमध्ये नव्हती. पाण्याच्या टाकीचं झाकण मी स्वतः उचलून आत पाहिलं. त्या झाकणाचा जडपणा अजून या हातांना आठवतो. शिपाई रस्त्यानं पुढं धावला, बाहेरून ट्रक जात होते. मैदानाच्या मधोमध उभे राहून आजोबा नातीला हाका मारत होते, आणि प्रत्येक हाकेला आवाज बारीक होत होता.

मी अकोल्याला फोन लावला. लावायची लाज वाटत होती, पण लावला. बाई दवाखान्याच्या ओट्यावर होत्या. मी सगळं सांगितलं, घंटेचंही. त्या रागावतील म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी विचारलं, "जेवल्यावर दात घासले का तिनं?"

मावशी म्हणाल्या, घासले.

"मग गाद्यांच्या खोलीत बघा. दात घासले की तिचे पाय तिकडंच जातात."

"तिथं कुलूप आहे," मी म्हटलं.

"कुणी लावलं?"

मी पर्सकडं पाहिलं.

फोन तसाच हातात घेऊन मी धावले. आयुष्यात पहिल्यांदाच साडी गुडघ्यापर्यंत उचलून शाळेत धावले, पोरं नव्हती म्हणून बरं. किल्ली दोनदा खाली पडली. शेवटी मावशींनी माझ्या हातातून घेऊन कुलूप काढलं.

रचलेल्या गाद्यांच्या मागं, भिंतीला चिकटून पोरगी झोपली होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, एक वेणी सुटलेली, पेला उशाशी. उन्हं तापायला लागली होती, पण जाळीच्या खिडक्या उघड्या होत्या. त्या उघड्या ठेवायची सवय बाईंची. त्या बंद करायचं मला सुचलं नव्हतं, एवढीच माझी पुण्याई. मी झोप बंद केली होती; तिनं केली नव्हती.

मी तिला हलवायला वाकले, तर आजोबा मागून म्हणाले, "उठवू नका हो. झोपू द्या थोडकी. पंखा लावा."

आणि ते स्वतःच गादीच्या कडेला बसले, भिंतीला पाठ टेकून. खिशातलं संत्रं काढलं, सोललं, एकेक फोड नीट वेगळी करून रुमालावर मांडत राहिले. फोन अजून चालूच होता. मी कानाला लावला आणि म्हटलं, "आहे." पलीकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला.

बाई दुसऱ्या दिवशी अकोल्याहून पहिल्या बसनं आल्या, आधी फाटकावर उभ्या राहिल्या, मग आत आल्या. पाठोपाठ अध्यक्षसाहेब आले. बातमी मोर्शीपर्यंत पोचली होती. ते नेहमीसारखे उभेच.

"पोरगी कोंडली गेली म्हंतात. जबाबदार कोन?"

बाई म्हणाल्या, "मुलं माझ्याकडं. प्रभार मीच दिला होता. जबाबदार मी."

"मंग तुमाले ठेवू का काढू?"

"ते तुमच्या गोलातलं काम आहे साहेब. तुम्ही ठरवा."

दोन वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत होते तो माझ्यासमोर येऊन उभा होता. मी गप्प राहिले असते तर खुर्ची माझी. आणि तुम्हाला खरं सांगते, अर्धा मिनिट मी गप्प राहिलेही. मग मला पाण्याच्या टाकीचं ते झाकण आठवलं.

"कुलूप मी लावलं," मी म्हटलं. "झोपही मीच बंद केली. आणि तो अर्जही माझाच."

कुणीच दचकलं नाही. हा खरा अपमान.

बाई म्हणाल्या, "समास आखून, मुद्द्यांखाली रेघा मारून निनावी अर्ज दुसरं कोण लिहील, बाई? पहिल्याच दिवशी कळलं होतं."

अध्यक्ष माझ्याकडं बघत राहिले. "मले त डावा हातबी समजला होता," म्हणाले. "आता सांगा, दोघीयलेबी काढून टाकू, त शाळा काय मी चालवू?"

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि दोन वर्षं उशी टाकून ठेवलेल्या त्या वेताच्या खुर्चीत बसले. बसल्यावर म्हणाले, "चांगली हाय खुर्ची. पयलेच सांगाचं होतं न." बाईंनी चहा सांगितला. माझा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला. साहेब मलाही बसा म्हणाले. बसायला काही नव्हतं म्हणून मी स्टूल ओढलं.

चहा झाल्यावर बाई पेचकस घेऊन गाद्यांच्या खोलीकडं गेल्या. दाराची कडी स्वतः उखडली. चार स्क्रू कागदात बांधून कडीसकट माझ्या हातात दिले.

"हे तुमच्याकडं असू द्या. परत लावावंसं वाटलं तर मला विचारू नका."

पुढं आणखी पाच वर्षं आम्ही दोघी मिळून फाटकावर उभ्या राहिलो. आई गेल्यावर बाईंना त्यांच्या जुन्या शाळेनं परत बोलावलं आणि त्या थायलंडला गेल्या. ती खुर्ची अखेर माझ्याकडं आली, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली असताना. मोरपंखी साडी तोवर विरली होती. तिच्या मी गाद्यांना खोळी शिवल्या.

मला खोलीची कडी परत लावावीशी कधी वाटली नाही. दाराच्या चौकटीत चार भोकं आहेत, अजून. आणि ती कडी आमच्या गच्चीवर असते. उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या की पातळाच्या टोकाला वाऱ्यासाठी वजन लागतं. परवा माझी नात विचारत होती, आजी, हे काय गं?

म्हटलं, माझ्या एका दिवसाच्या मुख्याध्यापकपणाची निशाणी. नीट ठेव टोकावर, उडता कामा नये.